गाठीच्या वहाणा

शिवबाईला गुंडा ओळखत होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पाच वर्षांत ती त्याच्या दुकानात वीस-बावीस वेळा आली असेल. दर वेळी अर्धा-पाऊण तास, आणि त्यातला निम्मा वेळ गुंडाची मान खाली, कामात. तिला मुलं किती, ती एकटी असताना कसला विचार करते, कशाला हसते, यातलं त्याला काही सांगता यायचं नाही. माहेर आळंदकडचं, असं त्याची बायको केराबाई म्हणायची, पण तेही ऐकीव. त्याला माहीत होते ते तिचे पाय. उजव्यापेक्षा डावा पाय दोन जोंधळ्यांएवढा लांब होता, हे त्याला पक्कं माहीत. पाय माहीत असले म्हणजे माणूस माहीत झालं असं नाही. तरी जेवढं दिसलं तेवढं नीट सांगावं, पदरचं घालू नये, एवढं तर करता येईल.

सोलापुरात मंगळवार बाजाराच्या कडेला गुंडाचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा. गुंडा खाली बसून शिवायचा आणि केराबाई शेजारी तयार वहाणा मांडून गिऱ्हाईक बोलवायची. गुंडा बोलायला कच्चा. भाव सांगायची वेळ आली की तो बायकोकडे बघायचा. हात मात्र चांगला होता. चप्पल उलटी करून टाके बघणारी जुनी माणसं त्याच्याकडे यायची.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, शिवबाई पहिल्यांदा आली. पस्तिशीची असेल. हिरवं इरकली लुगडं, कपाळाला विभूती, पाय अनवाणी. पायांवर नडगीपर्यंत पांढरी धूळ.

“वहाणा पायजेत,” ती म्हणाली. “चालायच्या.”

“वहाणा चालायच्याच असतात की बाई,” केराबाई म्हणाली. “घरात नाचायच्या कुणी घेतंय का?”

शिवबाई हसली नाही. तिनं हळूहळू सांगितलं ते असं. अक्कलकोट रस्त्यावर करजवाडी फाटा आहे, तिथं सकाळी आठच्या यष्टीतून टपालाची थैली उतरते. तिचा नवरा निंगप्पा ती थैली घेऊन आतल्या तीन गावांना टपाल वाटत जायचा. जवळवस्ती, हिरेबेळगी आणि शेवटी होनगुंडी. जाऊन-येऊन तेरा मैल. महिन्यापूर्वी निंगप्पा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. आता तो खाटेवर. त्या नोकरीत तेव्हा अशी रीत होती, की माणूस पडला तर त्यानं आपल्या जबाबदारीवर बदली माणूस द्यायचा. निंगप्पानं बायको दिली.

“बायको?” केराबाई म्हणाली.

“चौथी शिकलेय मी. कन्नड चौथी. मराठी पत्ते ह्यांनी शिकवले.” मग जरा थांबून, “ओव्हरसियरसाहेब म्हणाले, बघू. होनगुंडीत एक वाजायच्या आत थैली पोचली पायजे. तिथल्या मास्तरांच्या वहीत येळ लिवत्यात. दिवाळीपतोर तीन वेळा उशीर झाला, की दुसरा माणूस घेणार. होनगुंडीतलेच दोघं टपून बसल्यात.”

म्हणजे प्रश्न एवढाच होता. तेरा मैल, रोज, आणि तीन चुका. निंगप्पाच्या वहाणा घरात होत्या, पण नवऱ्याच्या वहाणेत बायकोनं पाय घालायचा नसतो. महिनाभर ती अनवाणी चालली होती. चैत्रात काळ्या मातीच्या भेगा पडतात, त्यांच्या कडा सुरीसारख्या होतात, आणि वैशाखात तीच माती तव्यासारखी तापते.

गुंडानं वर्तमानपत्राचा कागद पसरला. परक्या बाईच्या पायाला हात कसा लावायचा, म्हणून केराबाईनं पाय धरला आणि त्यानं पेन्सिल फिरवली. शिवबाई बाकड्यावर बसलेली. पाय लहान, निमुळता, तळव्याला छान खळगा. दुसऱ्या बोटांत चांदीची जोडवी. गुंडाला माप आवडलं. त्यानं नेहमीच्या रीतीनं अर्धं बोट आखूड कापलं. चामडं वापरात सैल पडतं, म्हणून वहाण थोडी आवळच करायची, हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. बाजारातल्या सगळ्या कारागिरांचं याबाबत एकमत होतं. आणि बाईमाणसाची म्हणून त्यानं तळ पातळ घेतला, पट्ट्यावर लाल गोंडा शिवला.

पंधरा दिवसांनी शिवबाई परत आली. चपला पिशवीतून काढून तिनं त्याच्यापुढं शेजारी शेजारी ठेवल्या, देवापुढं ठेवाव्यात तशा.

“गुंडामामा, तुमची वहाण चांगली हाय. माझा पाय वाईट हाय.”

दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती. करंगळीचं कातडं सोललेलं. टाचेखाली फोड येऊन फुटलेला. होनगुंडीत ती एकदा दीडला पोचली होती. पहिला शेरा पडला होता.

गुंडाला लाज वाटली. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. पाय वाईट असतो असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं तो जुना कागद शोधून काढला.

“अक्का, उभ्या ऱ्हावा ह्यावर.”

त्या दिवशी बाजार उरकून ती आली होती, दुपारची चारची वेळ. ती कागदावर उभी राहिली आणि केराबाईच्या तोंडून “अगं बया!” निघालं. पेन्सिलीची रेघ पायाखाली कुठं गेली ते दिसेना. पाय सगळीकडून बाहेर आला होता. समोरून करंगळीच्या रुंदीएवढा, बाजूंनी त्याहून जास्त.

“वाढला का काय पाय हिचा?” केराबाई म्हणाली. “पस्तिसाव्या वर्षी?”

“वाढला,” गुंडा म्हणाला. मग त्याला खात्री वाटेना. “थोडा वाढला. थोडा सुजलाय. आन थोडं माझं चुकलं. सकाळी घेतलं माप. बसवून घेतलं.”

एवढं बोलणं त्याच्या दृष्टीनं भाषणच होतं. पण विचार सुरू झाला तो थांबेना. बाजारात येऊन दोन तास फिरून घरी जाणाऱ्या माणसाला आवळ वहाण चालते, कारण तो ती काढून ठेवतो. सहा मैल न थांबता चालणाऱ्याचा पाय दुपारी सकाळचा राहतच नाही. तो तापतो, फुगतो, बोटं फाकतात, खळगा खाली बसतो. आणि असा रोज चालला तर फाकलेला पाय पुन्हा पूर्वीसारखा मिटतही नाही. चामडं सैल पडतं हे खरं. पण पायही सैल पडतो, आणि चामड्याच्या आधी पडतो. तीस वर्षं वहाणा शिवून हे आपल्याला ठाऊक नसावं, याचं त्याला नवल वाटलं. नेहमीचं गिऱ्हाईक एवढं चालतच नव्हतं, हे एक कारण असेल. किंवा ज्यांचं दुखलं त्यांनी येऊन सांगितलं नसेल. आवळ वहाण दुखायचीच, असं तेही धरून चालले असतील.

त्यानं तिला तासभर बाजारात फिरायला लावलं, मग उभं करून माप घेतलं. दोन्ही पायांचं वेगवेगळं. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडली. तळाला ट्रकच्या टायरचा तुकडा, वर म्हशीचं चामडं, दोन दिवस करडईच्या तेलात मुरवलेलं. लाल गोंडा नाही. तयार वहाण बघून केराबाईनं नाक मुरडलं. “दांडगी झालीय. गडीमाणसाची दिसते.”

“दिसू दे,” शिवबाई म्हणाली.

“सुरुवातीला आठ दिवस फक्त घरात घाला,” गुंडा म्हणाला. “मग जवळवस्तीपतोर. एकदम लांब न्हाय.”

नखं सुधारली. बोटं सुधारली. आषाढात ती आली तेव्हा ते आनंदानं दाखवलं तिनं. पण टाचेचा फोड जागेवरच होता, आता दोन्ही टाचांना, आणि तळव्याच्या कडेनं बारीक चिरा. दुसरा शेरा पडला होता.

गुंडा चक्रावला. माप बरोबर होतं, तळ जाड होता, चामडं मऊ होतं. त्यानं वहाण उलटीसुलटी करून बघितली. आतल्या बाजूला, टाचेच्या जागी, वाळू चामड्यात रुतून बसली होती. सरळ चालणाऱ्याच्या चपलेत एवढी वाळू जात नाही. गेली तरी बाहेर पडते.

“अक्का, वाटंत काढता का वहाणा?”

शिवबाईनं त्याच्याकडं बघितलं, हे काय विचारणं अशा नजरेनं. “गाव आलं की काढावीच लागते की.”

“म्हंजे?”

“वेशीपाशी काढायची, हातात घ्यायची. चावडीवर, पारावर मोठी माणसं बसलेली असत्यात. सुनेनं त्यांच्यापुढनं वहाण घालून जायचं व्हय? घरोघर टपाल द्यायचं, गावाबाहेर पडलं की पुन्ना घालायची. पाय घामट असतो, धूळ बसते. झटकते मी, पण येळ कुटं असतो झटकायला?”

तीन गावं. जाताना तीनदा काढायची, तीनदा घालायची, येताना वाटेतल्या दोन गावांत पुन्हा तेच. वेशीतल्या तापलेल्या दगडांवरून अनवाणी, आणि मग धुळीचा पाय चामड्यात. गावात शिरायच्या अगोदर ती चांगली चालायची आणि गावातून बाहेर पडायची ती लंगडत. फोड रस्त्यानं येत नव्हते, गावांनी येत होते.

गुंडा आरीच्या टोकानं चामड्यातली वाळू खरवडायला लागला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर एका गावाच्या वहाणा शिवल्या. पाटलापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांच्या. आणि स्वतःच्या मात्र वेशीपासून काखेत मारून नेल्या. गुंडा पंधरा वर्षांचा असताना गाव सोडून सोलापूरला आला, त्याची कारणं पुष्कळ होती. त्यातलं हे एक. पण ते त्यानं केराबाईलाही कधी असं उघड सांगितलं नव्हतं, त्यामुळे आता एकदम बोलणं शक्य नव्हतं.

“कोण बोलतं जास्त?” केराबाईनं विचारलं.

“होनगुंडीत ईरप्पाकाका. वेशीजवळच्या कट्ट्यावर दिवसभर बसून असतात. लांबनंच ओरडतात, कोण ती, पायात काय हाय?” शिवबाईनं त्यांच्या आवाजाची नक्कल केली आणि केराबाई खदखदून हसली. शिवबाई हसली नाही. ती वहाणेकडं बघत होती.

“गुंडामामा, काढता येणार न्हाईत अशा करता येतील का?”

“काय?”

“म्हंजे, काढायला येळ लागंल अशा. मग मी म्हणंन, काढायला बसले तर टपाल थांबंल.”

गुंडाच्या हातातली आरी थांबली. त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर भीती वाटली. उद्या होनगुंडीच्या लोकांनी विचारलं, कुणी शिवून दिल्या, तर? “अक्का, तुमी सासुरवाशीण. आमी हे असले. नसती भानगड हुईल.”

“व्हईल.”

“लोक नावं ठिवतील.”

“ठिवत्यातच.” तिनं टाच वर केली. “एक शेरा ऱ्हायलाय, मामा. एक. दिवाळीला तीन म्हयने हायेत. माझं पाय ऱ्हातील का थैली ऱ्हाईल?”

ती गेल्यावर केराबाईनं मांडलेल्या वहाणा पुसून पुन्हा मांडल्या. मग म्हणाली, “बाईमाणूस वेशीतनं जायला तयार हाय, आन ह्यो बाप्या हितं सोलापुरात पत्र्याखाली बसून भितोय. शिव की.”

त्यानं शिवलं. तीन दिवस इतर काम बाजूला ठेवून. टाचेमागून एक रुंद पट्टा घेतला, आतून मेंढीच्या मऊ कातड्याचं अस्तर. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चामड्याची लांब वादी. ती घोट्याभोवती दोन वेढे घेऊन पुढं गाठ मारायची. बक्कल लावता आलं असतं, पण बक्कल एका झटक्यात निघतं. शिवताना त्याच्या लक्षात आलं, की ही वहाण एरवीही लांब चालायला जास्त चांगली. मागून धरलेली टाच घसरत नाही. जी टाच घसरत नाही तिला फोड येत नाही. शिवबाईनं मागितलं होतं एका कारणासाठी आणि कामाला येणार होतं दुसऱ्याही कारणासाठी. हे तिला सांगताना तो जवळजवळ हसला.

श्रावणात ती जवळवस्तीतून घालून गेली. तिथं कुणी काही बोललं नाही, वस्ती लहानच. हिरेबेळगीत बायका दारात येऊन बघायला लागल्या. एका म्हातारीनं विचारलं, “काय गं, टपालातनं मिळाल्यात का?” शिवबाईनं व्हय म्हणून टाकलं. होनगुंडीला मात्र ती वाकडी वाट करून मागच्या बाजूनं शाळेत जायची, ईरप्पाकाकाचा कट्टा चुकवून. त्यानं अर्धा मैल वाढायचा. पाय बरे होते म्हणून निभावत होतं.

भाद्रपदात पाऊस लागला. सोलापूरकडं मोठा पाऊस पडतो तो तेव्हाच. आणि त्याच आठवड्यात ओव्हरसियर मानसिंग फेरीची तपासणी करायला आला. पुढं जे झालं ते गुंडानं दोघांच्या तोंडून ऐकलं. शिवबाईनं चार वाक्यांत सांगितलं. मानसिंग दुकानात येऊन बसला तेव्हा त्यानं चहा पीत तासभर सांगितलं. दोन्ही जुळवून पाहता असं दिसतं.

मानसिंग सायकल घेऊन आला होता. पायात नवे काळे बूट. फाट्यापासून मैलभर गेल्यावर काळा चिखल सायकलच्या चाकात आणि मडगार्डात असा भरला, की चाक फिरेना. सायकल एका वस्तीवर टाकून तो चालायला लागला. दर पावलाला बुटाला शेर-शेर चिखल चिकटायचा. तो थांबून काडीनं खरवडायचा, पुढं दहा पावलं, पुन्हा तेच. शिवबाईनं गाठी सोडल्या, वहाणा वादीनं गळ्यात अडकवल्या, लुगडं वर खोचलं आणि अनवाणी निघाली. सहा महिन्यांत तिचे पाय रुंद झाले होते, तळवे जाड झाले होते. चिखलात बोटं फाकवून ती अशी चालायची, की मानसिंग म्हणाला, “बदकच म्हणा हो, मला तर वाटलं पोहतेय.”

“साहेब, बूट काढा की,” ती म्हणाली म्हणे.

“सरकारी माणूस अनवाणी फिरतो का?” तो म्हणाला. हिरेबेळगीला पोचेपर्यंत त्याची टाच सोलली होती.

होनगुंडीच्या अलीकडं ओढा आहे. तिथं पोचले तेव्हा मानसिंगच्या घड्याळात एकला दहा कमी होते. मागची वाट ओढ्याच्या पाण्याखाली गेलेली. समोरची, ईरप्पाकाकाच्या कट्ट्यावरून जाणारी, तेवढीच उघडी. ओढ्यापासून शाळा तीन मिनिटांची वाट. शिवबाईनं ओढ्यात पाय धुतले, पदरानं कोरडे पुसले, दगडावर बसली, आणि गळ्यातल्या वहाणा काढून पायात घालायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ.

मानसिंगला काही समजेना. “अहो बाई, सगळी वाट अनवाणी आलात आणि आता गावात शिरताना घालताय? पाच मिनिटं हातात आहेत. तशाच चला. बाकीच्या बाया हातातच घेऊन जातात की.”

“व्हय,” ती म्हणाली आणि दुसऱ्या पायाची गाठ मारायला लागली.

उठली तेव्हा एकला सहा कमी होते.

ईरप्पाकाका पावसामुळं कट्ट्यावर पोतं पांघरून बसले होते. सोबत आणखी दोघं.

“शिवे, पायात काय हाय?”

“वहाणा.”

“आमी बसलेलो दिसत न्हाय?”

“दिसताय की काका. तुमचं कार्ड आलंय पुण्यास्नं.” तिनं थैलीतून कार्ड काढून पुढं केलं.

“आदी काढ. मग दे.”

“गाठ हाय, काका. भिजलीय. सोडाया बसले तर साहेबांच्या घड्याळात एक वाजंल. एक वाजला की थैली माझी न्हाय. मग तुमचं कार्ड कोण आणून दील ते बघा.” हे ती म्हणाली ते चढ्या आवाजात नाही, असं मानसिंगनं दोनदा सांगितलं. कार्ड धरलेला हात तिनं मागं घेतला नाही.

ईरप्पाकाकांनी मानसिंगकडं बघितलं. मानसिंग गुडघ्यापर्यंत चिखलात, एका पायावर भार देऊन उभा. त्याला मध्ये पडायचं नव्हतं, हे त्यानं गुंडापाशी कबूल केलं. टपालाचं काम टपालाचं, गावाची रीत गावाची, असं तो आजवर धरून होता. पण टाच ठणकत होती आणि ह्या बाईनं त्याला सहा मैलांच्या वाटेत सारखं मागं टाकलं होतं. तो घड्याळ बघून म्हणाला, “चार मिनिटं कमी आहेत, काका.”

ईरप्पाकाकांनी हात पुढं केला आणि कार्ड घेतलं. घेतलं, पण तोंड दुसरीकडं वळवून. मागं बसलेल्यांपैकी एकजण काहीतरी पुटपुटला. शिवबाई तोवर पुढं गेली होती.

मास्तरांनी वहीत वेळ लिहिली, बारा अठ्ठावन्न. खाली मानसिंगनं शेरा लिहिला, “वेळेवर.” सही केली आणि तिथंच शाळेच्या पायरीवर बसून बूट काढले. परतीला तो अनवाणी होता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो गुंडाच्या दुकानात आला, पायाला फडकं गुंडाळून. “ती बाई घालते तसलं मला शिव,” म्हणाला. बूट त्यानं सकाळी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या घेतले होते, पायाला घट्ट बसले म्हणून खूश होऊन. गुंडानं त्याला कागदावर उभं केलं. केराबाई पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होती.

शिवबाई नंतर आली तेव्हा गुंडानं तिला एकच विचारलं. विचारू की नको असं बराच वेळ करून विचारलं. “अक्का, पाय उघडेच होते की. तशाच गेला असता तर काय बिघडलं असतं? चार मिनिटं वाचली असती.”

शिवबाई विचार करून बोलायची. तसा विचार करून म्हणाली, “तशी गेले असते तर त्यास्नी वाटलं असतं, मी काढल्यात.”

दिवाळी झाली, तिसरा शेरा पडला नाही. निंगप्पाची मांडी वाकडीच जुळली, त्याला काठीशिवाय चालता येईना, आणि दुसऱ्या वर्षी थैली शिवबाईच्या नावावर झाली. होनगुंडीत ईरप्पाकाका तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. टपाल मात्र तिच्याच हातून घेत राहिले. बाकीच्या सुना अजून वेशीपाशी चपला काढून हातात घेत, हे शिवबाईनंच सांगितलं. एक दोघींनी तिला विचारलं होतं, कुठं मिळतात म्हणून. विचारलं, पण आल्या नाहीत.

ती दर चार महिन्यांनी नवा जोड करायला यायची. संध्याकाळी, बाजारभर फिरून. गुंडा दर वेळी नवा कागद घ्यायचा, कारण जुना चालायचा नाही. दुसऱ्या वर्षी पाय आणखी अर्धं बोट पसरला. तिसऱ्या वर्षी थोडा, आणि मग थांबला. जोडवी रुतायला लागली म्हणून तिनं सोनाराकडून सैल करून घेतली, सहा महिन्यांनी पुन्हा सैल केली. “चांदी संपंल आता, तार ऱ्हायली,” म्हणायची. टाचेचं कातडं इतकं जाड झालं, की हिवाळ्यात त्याला भेगा पडायच्या आणि त्या दुखायच्या. मग गुंडानं तळाची मागची कड थोडी उचलून घेतली, आणि केराबाईनं तिला एरंडेल आणि मेणाचं मलम करायला शिकवलं. उन्हाळ्याचा जोड वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. पावसाळ्याच्या तळाला गुंडानं टायरची नक्षी तासून काढली, म्हणजे चिखल कमी धरतो. हे सगळं तो तिच्याकडून शिकला. नंतर रस्त्याच्या कामावरचे मुकादम आले, मेंढपाळ आले, लांब चालणारी माणसं कुणाकडून तरी ऐकून यायची. गुंडा त्यांना म्हणायचा, संध्याकाळी या. ते विचारायचे, का? तेव्हा शिवबाईचं नाव सांगावं असं त्याला वाटायचं. पण कुणाच्या घरच्या बाईच्या पायांची गोष्ट बाजारात कशी सांगायची, म्हणून तो नुसतं, “तसंच असतं,” म्हणायचा.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात ती आली ती शेवटची. शेवटची हे अर्थात तेव्हा माहीत नव्हतं. पुढं होनगुंडीपर्यंत खडीचा रस्ता झाला, थैली यष्टीनं जायला लागली आणि शिवबाईला दुसरीकडं नेमलं, असं मानसिंगनं सांगितलं. कुठं, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. केराबाईनं दोन रविवार वाट बघितली. मग बघणं सोडलं.

त्या शेवटच्या दिवशी नवीन काही करायचं नव्हतं. उजव्या पायाची वादी झिजली होती, ती बदलायची होती. केराबाई पाणी आणायला गेली होती. गुंडानं नवी वादी ओवली, टोकाला मेण लावलं, ओढून बघितली. शिवबाईनं पाय घातला, दोन वेढे घेतले, गाठ मारली, उठून दोन पावलं टाकली.

“आवळ न्हाय ना?” गुंडानं विचारलं.

“न्हाय. बरी हाय.”

“निंगप्पा कसं हायत?”

“हायत की. भाकरीसंगं रोज लोणचं मागतात, आन मग घसा धरून बसतात.” तिनं पिशवी उचलली. “केराबाईस्नी सांगा आले होते म्हणून. यष्टी कितीला हाय?”

“पाच धाला. आज गर्दी असंल, लग्नाची तीथ हाय.”

“मग निघते.”

“व्हय, निघा.”